शेवटची एसटी आणि तीस मिलिग्रॅम

गेली काही वर्षं डिसेंबर संपत आला की गृह विभागाचा एक आदेश निघतो आणि नाताळ व ३१ डिसेंबरच्या रात्री राज्यातल्या परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत मुभा मिळते. अलिबागच्या स्थानकातून गावांकडे सुटणाऱ्या एसट्या मात्र त्या रात्रीही नऊच्या आगेमागे संपलेल्या असतात. या दोन वेळांमध्ये आठ तासांचं अंतर आहे. त्या आठ तासांत नागाव-चौलचा, आवास-सासवन्याचा किंवा साळावपलीकडचा माणूस घरी कसा पोचणार, याची विचारणा कुठल्याच आदेशात नसते. एरवीच्या शनिवारी बार रात्री साडेअकराच्या सुमारास बंद होतात, तेव्हा अंतर बरंच कमी. प्रश्न तोच.

दारू पिऊन गाडी चालवू नये हे सांगायला लेख लागत नाही. कायदा नेमकं काय मोजतो, कसं मोजतो आणि गाडी चालवायची नाही तर माणसाने जायचं कसं, हे मात्र नीट पाहण्यासारखं आहे. पहिल्या दोन गोष्टींवर पोलीस, कोर्ट आणि डॉक्टर भरपूर बोलतात. तिसरीवर कोणी बोलत नाही. आणि गंमत अशी की तिचं उत्तर त्याच कायद्यात लिहून ठेवलेलं आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १८५ हे या विषयाचं मूळ. कायदा आला तेव्हा त्यात रक्तात दारूचा अंश ‘कितीही कमी’ असला तरी गुन्हा होता. १९९४च्या दुरुस्तीने मर्यादा आली: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलात की गुन्हा, मग गाडी सरळ रेषेत चालवत असलात तरी. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, युरोपातल्या बहुतेक देशांत ५०, स्वीडन आणि नॉर्वेत २०. म्हणजे जगाच्या मानाने आपला कायदा कडक गटात बसतो. नळीत फुंकर मारून दारू मोजायचं सुटसुटीत यंत्र अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टीन यांनी १९५४ साली बनवलं, त्याच्या आधी बराचसा कारभार वासावर आणि चालीवर होता.

वास आणि चाल किती कच्चे पुरावे आहेत हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच सांगितलं. मुंबईतल्या बचूभाई कर्यानी खटल्यात न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की तोंडाला वास येतो, पाय लटपटतात, बोलणं तुटक आहे, बाहुल्या विस्फारल्यात, एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं सिद्ध होत नाही, रक्त तपासा. तेव्हापासून आकड्याला महत्त्व आलं.

हा तीसचा आकडा ग्लासात किती होतो? साठ किलो वजनाचा पुरुष धरू. साध्या, पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत साडेबत्तीस मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, वजनाने साधारण २५ ग्रॅम. ते त्याच्या अंगातल्या पाण्यात पसरलं की रक्तात शंभर मिलिलिटरमागे साठच्या आसपास मिलिग्रॅम भरतात. एका बाटलीत मर्यादेच्या दुप्पट. बाटली आठ टक्क्यांच्या स्ट्राँगची असेल तर आकडा शंभराला टेकतो. व्हिस्कीचा साठ मिलिचा लार्ज पेग पन्नासच्या आसपास नेतो, तीसचा स्मॉल पंचविसाच्या. ‘दोन पेगने काय होतंय’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून त्याच वजनाला त्याच पेगने आकडा आणखी वर जातो. पोटभर जेवण झालेलं असेल तर दारू हळू चढते, शिखर थोडं खाली राहतं, पण लिंबू-सरबत, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी उतरत काहीच नाही. यकृत आपल्या गतीने काम करतं: तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम, कोणाचं थोडं कमी, कोणाचं थोडं जास्त.

या शेवटच्या आकड्यातून एक गोष्ट निघते, जी किनाऱ्यावर फार कमी लोकांना ठाऊक असते. क्वार्टर म्हणजे १८० मिलि. विदेशी असो वा देशी, ताकद ४२.८ टक्के असेल तर त्याच साठ किलोच्या माणसाचा आकडा दीडशेच्या घरात जातो. रात्री बारा वाजता तो तिथे असेल तर तीसवर यायला आठ तास हवेत. म्हणजे सकाळी आठ. नागावच्या कॉटेजमधून ‘सकाळी लवकर निघू, वडखळला ट्रॅफिक लागायच्या आत’ म्हणून साडेसहाला चावी फिरवणारा पाहुणा झोप काढून, दात घासून, चहा पिऊनसुद्धा कायद्याच्या लेखी प्यायलेलाच असतो. त्याला स्वतःला ते पटणार नाही, कारण त्याला तसं वाटतच नाही.

माडीचं वेगळं सांगायला हवं. नारळाची माडी आणि ताडाची ताडी हे इथलं जुनं पेय, आणि ‘ती काय दारू आहे का?’ हा इथला जुना प्रश्न. सकाळी उतरवलेली गोड असते, दिवस चढेल तशी आंबते आणि चार-पाच टक्क्यांवर जाते, म्हणजे साध्या बिअरच्या पंक्तीला. यंत्र माडी आणि स्कॉच यांच्यात भेद करत नाही.

आता नाकाबंदी. कार्लेखिंडीत, वडखळ नाक्यावर, अलिबागच्या वेशीवर सुट्टीच्या रात्री बॅरिकेड लागलेली दिसतात. हवालदार यंत्राला प्लॅस्टिकची नवी नळी लावतो आणि ‘जोरात, थांबवू नका’ म्हणतो. यंत्राला फुप्फुसाच्या तळातली हवा हवी असते; तोंडातल्या तोंडात फुंकलं की ते नापसंतीचा आवाज करून नमुना नाकारतं. आत छोटा इंधन-घट असतो. श्वासातलं अल्कोहोल त्यात रासायनिक क्रिया करतं, वीज तयार होते, वीज जेवढी तेवढी दारू. श्वासाचा आकडा रक्तात बदलताना साधारण २१०० मिलिलिटर श्वास बरोबर एक मिलिलिटर रक्त असं गणित धरतात. नुकताच घोट घेतला असेल तर तोंडात उरलेल्या दारूमुळे आकडा फुगू शकतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावणं योग्य. घाईच्या रात्री एवढा धीर दोन्ही बाजूंना नसतो.

कलम २०३ प्रमाणे गणवेशातला पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी संशय आल्यास श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार दिला आणि प्यायल्याचं दिसत असेल तर वॉरंटशिवाय अटक होते, आणि कलम २०५ नुसार तो नकारच पुढे तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. कलम २०२ मध्ये उलट बाजूची एक अट आहे: अटक केल्यापासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर माणूस सोडावा लागतो. अलिबाग शहरात ही अट पाळणं सोपं, जिल्हा सामान्य रुग्णालय तिथेच. पण दिघी सागरीच्या किंवा श्रीवर्धनच्या हद्दीत, घाटरस्त्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीजवळ मध्यरात्री केस पकडली तर पोलिसांचीही घड्याळाशी शर्यत लागते. गाडी कुठली, डॉक्टर कुठे, हे प्रश्न तिथे आरोपीइतकेच फौजदारालाही पडतात.

रक्त काढायची रीतसुद्धा ठरलेली आहे. मुंबई दारूबंदी कायद्याखालचे १९५९ सालचे वैद्यकीय तपासणीचे नियम सांगतात की निदान पाच मिलिलिटर रक्त घ्यायचं, सुई टोचण्याआधी कातडीला स्पिरिट लावायचं नाही आणि कुठल्याच टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. इंजेक्शनआधी स्पिरिटचा बोळा फिरवायची सवय हाताला इतकी जडलेली असते की ही सूचना मुद्दाम लिहावी लागली. कुपीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं: एकाने रक्त आंबत नाही, दुसऱ्याने गोठत नाही. आंबलं तर कुपीतच दारू तयार व्हायची, आणि न प्यायलेला माणूस अहवालात प्यायलेला निघायचा. मोहोर लावलेली कुपी न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जाते आणि अहवाल सवडीने येतो.

शिक्षा २०१९च्या दुरुस्तीने वाढली. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड होता, आता दहा हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हेल्मेट नसल्याचा दंड रस्त्यावर भरून मोकळं होता येतं, याचं तसं नाही. ही तडजोडीची केस नव्हे, कोर्टात उभं राहावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली निर्देश दिल्यापासून लायसन्स निदान तीन महिने निलंबित करायची पद्धत आहे. अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या गाडीचं नुकसान देत नाही, आणि समोरच्याला द्यावी लागलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. कोणी मेलं तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या १०५ किंवा १०६ कलमावर जातं. ‘चालवताना’ इतकंच ‘चालवण्याचा प्रयत्न करताना’ हेही कलमात आहे, म्हणून ‘साहेब, मी फक्त चावी लावली होती’ हा बचाव चालत नाही. आणि कलम १८८ खाली दुसऱ्याला त्या स्थितीत गाडी चालवायला भाग पाडणारा किंवा चिथावणारासुद्धा त्याच शिक्षेला पात्र ठरतो. ‘अरे चल, मी आहे ना’ म्हणून चावी हातात देणाऱ्या मित्रांनी हे कलम वाचलेलं बरं.

मग चालत जावं? रायगडच्या किनाऱ्याचा भूगोल इथे आडवा येतो. उत्तरेला मांडवा-रेवस, तिथून अलिबाग, पुढे रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव, काशिद, नांदगाव, मुरूड, आगरदांडा. मध्ये खाडी, पलीकडे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर किंवा खाजण, आणि मधून बहुतेक ठिकाणी एकच अरुंद रस्ता. दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गडगे, पायवाट नाही, दिवे गावापुरते. रात्री त्या रस्त्याने चालणारा माणूस वळणावर गाडीवाल्याला शेवटच्या क्षणी दिसतो. शिवाय कायदा पायी जाणाऱ्यालाही पुरता मोकळा सोडत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अजून जिवंत आहे. त्याच्या ८५व्या कलमाखाली रस्त्यावर स्वतःला सांभाळता न येण्याइतकं प्यायलेलं असणं हा गुन्हा आहे, आणि परवाना नसताना प्यायलेल्या अवस्थेत सापडणं हाही. पिण्याचा परवाना खिशात घेऊन फिरणारे किती, ते वाचकांना ठाऊकच आहे.

इथे पिणाऱ्यांचे दोन वेगळे गट आहेत. त्यांना एकाच तराजूत घालायची चूक होते, म्हणून थोडं थांबतो. एक शनिवार-रविवारचा पाहुणा. २०२०च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, तेव्हापासून तो आपली गाडीच बोटीत घालून तासाभरात येतो. २०२४च्या जानेवारीत अटल सेतू झाला, त्याने सडकेची वाटही आखूड केली. त्याच्याकडे गाडी आहे, पैसे आहेत, फोनवर ड्रायव्हर ठरवता येतो, चौघांतल्या एकाने न पिण्याचं ठरवता येतं. त्याने पिऊन गाडी चालवली तर त्याला एसटीचं कारण सांगायचा अधिकार नाही. काशिदच्या किंवा नागावच्या वाळूत रात्री गाडी घालणारेही याच गटातले, आणि त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

दुसरा गट इथल्या माणसांचा. धक्क्यावरून माल उतरवून सुटलेला खलाशी, रिसॉर्टवर उशिरापर्यंत भांडी घासणारा मुलगा, हळदीहून परतणारे सोयरे. आगरी-कोळी हळदी रात्रीच्या असतात आणि तिथे मटणासोबत काय असतं ते लपवून ठेवण्यासारखं नाही; समाजातलीच मंडळी गेली कित्येक वर्षं हळदीतली दारू बंद करा म्हणून सभा घेतायत, ठराव करतायत. ती चळवळ योग्यच आहे. पण ठराव होईपर्यंत, आणि झाल्यावरही, मांडवातून रात्री एक वाजता उठलेल्या माणसापुढे दोनच पर्याय उरतात: तिथेच चटईवर पडणं किंवा भाच्याच्या ॲक्टिव्हावर ट्रिपल सीट निघणं. भाचाही हळदीला होताच.

शिवाय ज्याने थेंबही घेतला नाही त्यालाही रात्री गाडी नसतेच. बाळंतपणाला निघालेली बाई, मुंबईहून रात्री पेण स्टेशनवर उतरलेला विद्यार्थी, दुसरी पाळी संपवून निघालेली नर्स, सगळे त्याच अंधारात उभे. पिणाऱ्याच्या निमित्ताने बोलतोय एवढंच; गाडीची गरज सगळ्यांची आहे.

एसटीच्या रायगड विभागाचं मुख्यालय पेणला. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन, रोहा, माणगाव, महाड आणि कर्जत हे त्याचे आगार. पनवेल-उरण मुंबई विभागात मोडतात. जुन्या पिढीला ‘वस्तीची गाडी’ आठवत असेल. संध्याकाळी उशिरा आगारातून निघायची, गावोगावचे प्रवासी उतरवत शेवटच्या गावी पोचायची आणि तिथेच मुक्काम करायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेत नाहीतर कोणाच्या तरी ओटीवर झोपायचे, गाव त्यांना जेवण आणि अंघोळीचं पाणी द्यायचं, आणि पहाटे तीच गाडी मासळीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं आणि तालुक्याला कामाला निघालेली माणसं घेऊन परत फिरायची. या पद्धतीत एक हुशारी होती. रात्री उशिराची फेरी आणि पहाटेची फेरी, दोन्ही मिळून एकही किलोमीटर रिकामा धावत नसे.

अशा वस्त्या कमी होत गेल्या. कारणं एका वाक्यात सांगता येणार नाहीत. गावात दुचाकी आल्या, प्रवासी घटले, प्रवासी घटले म्हणून फेरी बंद, फेरी बंद म्हणून आणखी दुचाकी. मुक्कामाच्या ठिकाणी धड शौचालय नाही ही कर्मचाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती. मग २०२०ची टाळेबंदी आली आणि पाठोपाठ ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला संप, जो उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये मिटला. जवळजवळ सहा महिने गाडी नाही म्हटल्यावर लोक काहीतरी दुसरी सोय लावतातच, आणि एकदा लावलेली सोय मोडून कोणी परत थांब्यावर येत नाही. महामंडळाकडे कोविडपूर्वी अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर तो आकडा पंधरा हजारांच्या आत-बाहेर आला. मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाल्यावर गर्दी परतली खरी, पण ती दिवसाची. हातात गाड्या कमी असल्या की आगार व्यवस्थापक त्या मुंबई-पुण्याच्या भरलेल्या मार्गावर लावणार, रात्रीच्या रेवदंड्याला नाही. त्याच्या जागी कोणीही हेच करेल.

एसटीने सोडलेली जागा मिनीडोरने घेतली. अलिबाग-पेण पट्ट्यात विक्रम आणि मिनीडोर या सहा आसनी रिक्षांशिवाय दिवस जात नाही. ड्रायव्हरच्या बाजूला एक जास्तीचा, मागे दोघे जास्तीचे, टपावर भाजीची पाटी. भाडं ठरलेलं, थांबा हात करू तिथे. पण मिनीडोरवाला जागा भरल्याशिवाय निघत नाही आणि रात्री जागा भरत नाही, म्हणून तोही दिवे लागणीनंतर तासा-दोन तासांत घरी जातो. नंतर उरते ती स्पेशल, आणि तिचं भाडं रात्री दुप्पट-तिप्पट सांगितलं जातं. फोनवर बोट दाबून टॅक्सी मागवायची सवय पनवेलपर्यंत चालते, पुढे तिचा भरवसा नाही. गेटवे-मांडवा लाँच संध्याकाळनंतर थांबते आणि पावसाळ्यात तर तीन महिने बंदच. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळच्या खत कारखान्यापर्यंत आलेले रूळ मालगाडीचे.

सहा आसनी रिक्षा रात्री का धावत नाहीत याला पैशाइतकंच कायद्याचंही कारण आहे. आपल्या कायद्यात प्रवासी गाडी दोन प्रकारची. टप्प्याटप्प्याला प्रवासी चढ-उतार करत प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारी ती टप्पा वाहतूक, आणि अख्खी गाडी एका सौद्यात इथून तिथे नेणारी ती कंत्राटी. टप्पा वाहतुकीचं क्षेत्र महाराष्ट्रात मुख्यतः एसटीसाठी राखलेलं. रिक्षा-मिनीडोरचा परवाना कंत्राटी. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने शेअरचा मार्ग आणि भाडं ठरवून दिलं असेल तेवढ्यापुरती सूट. बाकी सगळं चालवून घेतलेलं. दिवसा हे चालवून घेणं दोघांच्या सोयीचं असतं. रात्रीच्या वेळी कागदांत खोट असलेली, जादा माणसं भरलेली गाडी नाकाबंदीसमोर नेण्याची हौस कोणाला नसते, मग ड्रायव्हर कितीही शुद्धीत असो.

हा पेच फक्त आपला नाही. आयर्लंडमधल्या केरी परगण्यात २०१३च्या जानेवारीत कौन्सिलने ठराव केला की दूर वाड्या-वस्त्यांवर एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दोन-तीन ग्लास पिऊन हळू गाडी चालवत घरी जायचा खास परवाना द्यावा. गाडी नाही, पबला जाता येत नाही, एकटेपणाने माणसं खचतायत. ठराव मांडणारे डॅनी हिली-रे स्वतः पब चालवायचे, त्यामुळे टिंगल व्हायची ती झाली. सरकारने परवाना नाकारला, आणि नाकारला हे बरंच झालं. पण एकटेपणाची तक्रार खरी होती. २०१८ साली कायदा आणखी कडक करताना तिथल्या सरकारने ग्रामीण भागात ‘लोकल लिंक’ नावाच्या छोट्या बसच्या संध्याकाळ-रात्रीच्या फेऱ्याही प्रयोग म्हणून सुरू केल्या. एका हाताने काढून घेतलं, दुसऱ्या हाताने थोडं दिलं.

रात्री गाडी दिली की सगळं सुटतं असंही नाही. वॉशिंग्टनमध्ये १९९९नंतर मेट्रोची वेळ शुक्रवार-शनिवारी टप्प्याटप्प्याने पहाटे तीनपर्यंत वाढवली. अभ्यासकांना आढळलं की स्टेशनच्या जवळ बार असलेल्या भागात पिऊन गाडी चालवण्याच्या अटका कमी झाल्या, पण नशेतल्या इतर गुन्ह्यांच्या अटका वाढल्या. गाडीची चिंता गेली तसे लोक जास्त प्यायले. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये मर्यादा ८० वरून ५० वर आणली आणि ग्लासगोच्या संशोधकांनी पाहिलं तर अपघात घटले नव्हते. रस्त्यावरची तपासणी वाढली नाही, हे त्यांनी दिलेलं एक संभाव्य कारण. नुसता आकडा बदलून रस्ता बदलत नाही. आपल्याकडे महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचं दुकान नको हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकालही असाच पातळ होत गेला: आधी लहान गावांसाठी २२० मीटर, मग नगरपालिका हद्दी वगळल्या, मग २०१८ मध्ये ग्रामपंचायतींचं राज्यांवर सोपवलं.

ज्या २०१९च्या दुरुस्तीने दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर नेला, तिनेच कलम ६७ ला एक नवं पोटकलम जोडलं. ते म्हणतं की या कायद्यात इतरत्र काहीही असलं तरी राज्य सरकार परवान्यांत बदल करू शकतं, वाहतुकीच्या योजना आखून त्यांखाली वेगळे परवाने देऊ शकतं. कशासाठी, त्याची यादी दिली आहे, आणि त्या यादीत शेवटच्या टप्प्याची जोडणी आणि ग्रामीण वाहतूक यांची नावं घेऊन नोंद आहे. पहिल्या अर्ध्या भागाचे फलक आज प्रत्येक नाक्यावर आहेत. दुसऱ्या भागातून आलेली रात्रीची एकही गाडी मला अलिबाग-मुरूड रस्त्यावर दिसलेली नाही. २०२५ मध्ये राज्याने इलेक्ट्रिक बाइक-टॅक्सीला परवानगी दिली तीही एक लाखाहून जास्त लोकवस्तीच्या शहरांपुरती. अलिबाग नगरपालिकेची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत वीस हजारांच्या थोडी वर होती. ज्यांना पर्याय आहेत त्यांना आणखी एक मिळाला, असा त्याचा अर्थ. शेजारी गोव्यात मोटारसायकलवर प्रवासी नेणारे परवानाधारक ‘पायलट’ कित्येक दशकांपासून आहेत, अगदी लहान गावांच्या तिठ्यावरसुद्धा. बार मालकांनीच झिंगलेल्या गिऱ्हाइकाला टॅक्सी करून द्यावी, असं तिथले वाहतूकमंत्री माविन गुदिन्हो यांनी मध्यंतरी सुचवलंही होतं.

काय करता येईल, तर फार मोठं काही नाही. सोळा-सतरा आसनांच्या गाड्या किंवा असलेल्याच मिनीडोर, शुक्रवारपासून रविवारपर्यंत, रात्री दहा ते एक, अलिबाग स्थानकातून तीन दिशांना: मांडव्याकडे, रेवदंड्याकडे आणि पोयनाडमार्गे पेणकडे. वेळ ठरलेली, जागा भरो न भरो सुटणार, आणि न भरलेल्या जागांचे पैसे योजना देणार. राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात. ज्या दारूने रात्रीची गरज वाढवली तिच्याच करातून या फेऱ्यांचा तोटा भरून निघावा, हे मला तरी न्यायाचं वाटतं. ड्रायव्हरने निघण्याआधी नळीत फुंकायचं, ही परवान्याची अट. मुरूड आणि श्रीवर्धनसाठी वस्तीची गाडी परत आणायची, पण मुक्कामाला स्वच्छ खोली आणि शौचालय ग्रामपंचायतीने दिलं तरच. कर्मचाऱ्यांना पुन्हा ओटीवर झोपवून ही सोय टिकणार नाही. हॉटेलं आणि कॉटेजवाल्यांनी खोलीच्या किल्लीबरोबर वेळापत्रकाचं कार्ड द्यावं, ते खर्चिक नाही. सुरुवात नोव्हेंबर ते मे एवढीच करून बघावी, पावसात रात्रीची वर्दळ तशीही ओसरते. योजनेची अधिसूचना मंत्रालयातून निघावी लागेल. मार्ग आणि भाडं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवेल, आणि परवान्याचे अर्ज पेणच्या आरटीओत जातील.